सोयाबीनच्या चाचणीत दरवर्षी वेगळाच वाण का जिंकतो?

पहिल्या वर्षी नवा वाण नेहमीच्या वाणाला मागे टाकतो. दुसऱ्या वर्षी तोच तळाला जातो. तिसऱ्या वर्षी पेरणी आठ-दहा दिवस लांबते, जिवाणू संवर्धक (बियाण्याला लावायचे, मुळांवर नत्राच्या गाठी आणणारे जिवाणू) बदलतं, आणि वहीत असा काही आकडा येतो की आधीची दोन्ही वर्षं खोटी वाटायला लागतात. मग हवामानाला बोल लावायचा, नाहीतर बियाण्याला, आणि चौथ्या वर्षी आणखी दोन वाण घेऊन पुन्हा तेच करायचं. मी हे बरीच वर्षं केलं. वही जाडजूड झाली, पण "पुढच्या हंगामात काय पेरू?" या साध्या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हतं.

दोष बहुतेक वेळा वाणात नसतो, चाचणीच्या मांडणीत असतो. आणि तो शोधायचा एक क्रम आहे. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासा. पहिल्या पायरीवर घोळ असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

आधी बघा, फरक खरा आहे का

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रावर मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाचं शेत घेतलं. वाण एकच, पेरणी एकच, खत एकच. डोळ्यांना शेत एकसारखं दिसत होतं. कापणीच्या वेळी त्यांनी त्याचे ५०० सारखे तुकडे पाडले आणि प्रत्येकाचं धान्य वेगळं तोललं. सगळ्यांत चांगल्या तुकड्याचं वजन सगळ्यांत वाईट तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट भरलं. हे १९११ साली छापून आलंय. आता विचार करा, त्या शेतात कुणी दोन तुकड्यांवर दोन वेगळ्या नावांच्या पाट्या लावल्या असत्या तर केवढा मोठा "शोध" लागला असता.

आपण नेमकं तेच करतो. बांधाकडच्या पट्ट्यात नवा वाण, मधल्या पट्ट्यात जुना, एकेकदा. मग वजन.

माझे डोळे एका चुकीने उघडले. एका वाणाचं बियाणं कमी पडलं, शेवटचा पट्टा मोकळा राहू नये म्हणून तिथे पुन्हा नेहमीचाच वाण पेरला. म्हणजे एकच वाण शेताच्या दोन टोकांना आला. मळणीनंतर त्या दोन पट्ट्यांतला फरक बघितला तर नव्या वाणाची जी आघाडी मी मोठ्या अभिमानाने मिरवत होतो, ती त्याच्या निम्मीही नव्हती. त्यानंतर मी हे मुद्दामच करतो: एकच वाण "क" आणि "ख" अशा दोन नावांनी चाचणीत घालतो, मळणीपर्यंत ही दोन नावं एकाच वाणाची आहेत हे मदतनिसांना सांगत नाही. "क" आणि "ख" यांच्यात जेवढं अंतर पडेल तेवढी तुमच्या शेताची आणि तुमच्या हाताची गडबड. त्याच्या आतला कुठलाही फरक वाणाच्या नावावर जमा करायचा नाही.

उपाय दोन, दोन्ही बिनखर्ची. एक म्हणजे रेप्लिकेशन: प्रत्येक वाण किमान तीन, जमल्यास चार ठिकाणी. शेताला ढाळ असेल तर वरच्या अंगाला एक गट, मध्ये एक, खाली एक असे गट पाडा, आणि प्रत्येक गटात सगळे वाण एकेकदा आलेच पाहिजेत. दुसरा उपाय चिठ्ठ्यांचा. कुठल्या गटात कोण कुठे, हे डोक्याने ठरवू नका. डोकं लबाड असतं, नव्या वाणाला नकळत भारी जमीन देतं. प्रत्येक गटासाठी चिठ्ठ्या वेगळ्या काढा, एकदा काढून तोच क्रम सगळीकडे लावू नका. शेतीच्या प्रयोगात चिठ्ठ्यांचा हा आग्रह धरला तो संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी, तेही रोथॅमस्टेडलाच.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर एक ढोबळ कसोटी आहे. नवा वाण चारही गटांत नेहमीच्या वाणापेक्षा पुढे आहे का? दोघे मुळात सारखेच असतील तर असं निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे चार वेळा नाणं उडवून चारही वेळा छापा पडण्याएवढी. तीनच गट असतील तर ८ मध्ये १. दोनात पुढे, दोनात मागे असेल तर सरासरी काहीही येवो, मी तो निकाल धरत नाही. मात्र एकाच वेळी सहा नवे वाण तपासत असाल तर त्यातला एखादा नशिबानेच चारही ठिकाणी पुढे दिसला तर नवल नाही. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा उभा करा.

एका शेतात तीन प्रश्न

चार वाण, तीन पेरणी तारखा, तीन माती उपचार (संवर्धक, चुना, जिप्सम असे). कागदावर छान दिसतं. ४ गुणिले ३ गुणिले ३, झाले ३६ प्लॉट, आणि तीन रेप्लिकेशन धरली तर १०८. एवढं कुणी करत नाही. करतात ते असं: नवा वाण, लवकर पेरणी आणि जिप्सम हे एका पट्ट्यात, जुना वाण, उशिरा पेरणी आणि काही नाही हे दुसऱ्यात. फरक येतोच, पण तो कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

माझा सल्ला: वाण आणि तारीख एकत्र तपासा, माती उपचार वेगळ्या चाचणीत एकाच वाणावर तपासा. वाण आणि तारीख वेगळे करू नका असं का म्हणतो ते पुढे येईल. मांडणी करताना तारखेचे पट्टे मोठे ठेवा आणि त्या प्रत्येक पट्ट्यात वाणांचे छोटे प्लॉट पाडा. नाहीतर दुसऱ्या तारखेला पेरणी यंत्र वळवताना पहिल्या तारखेची उगवलेली रोपं तुडवली जातात. चुन्याचंही तसंच, छोट्या तुकड्यात टाकला तर वाऱ्याने आणि नांगरटीने शेजारी जातो.

वाणांची तुलना की रोपांच्या संख्येची?

हा सगळ्यांत जास्त नडणारा आणि सगळ्यांत कमी तपासला जाणारा मुद्दा. "सगळ्या वाणांना सारखं बियाणं दिलं" असं लोक सांगतात तेव्हा त्यांना किलो सारखे म्हणायचे असतात. आता हिशेब करा. एका वाणाच्या १०० दाण्यांचं वजन १० ग्रॅम, दुसऱ्याचं १४ ग्रॅम. दोघांनाही हेक्टरी ७० किलो दिलं तर पहिल्याचे ७ लाख दाणे जमिनीत गेले, दुसऱ्याचे ५ लाख. ही वाणाची चाचणी राहिली नाही, दाटीची झाली.

उगवणही मोजा. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. पोतं आपटलं, मळणीचा वेग जास्त झाला, तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा चकचकीतच दिसतो. प्रत्येक वाणाचे १०० दाणे ओल्या जाड कागदात किंवा गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. पाचव्या दिवशी एकदा बघा, आठव्या दिवशी शेवटची मोजणी. नुसता मोड फुटलेला दाणा धरायचा नाही. मूळ सरळ, दोन्ही दले (दाण्याच्या दोन फोडी) शाबूत आणि शेंडा जिवंत असं रोप मोजायचं. मग बियाणं असं काढा: हव्या त्या रोपांची संख्या गुणिले एका दाण्याचं वजन, भागिले उगवण. हेक्टरी ४.५ लाख रोपं हवीत, दाणा ०.१२ ग्रॅमचा, उगवण ७५ टक्के, तर ७२ किलो. शेतातली तूट धरून वर थोडं वाढवा, पण ती वाढ सगळ्यांना सारख्या प्रमाणात.

पेरणी ३ ते ४ सेंटिमीटरवर. सोयाबीनला दोन्ही दले उचलून वर यावं लागतं. मध्येच सर पडून माती आपटली आणि वर पापुद्रा धरला की मान मोडते. अशा वेळी एका गटात उगवण दाट आणि दुसऱ्यात विरळ होते, आणि वाण बिचारा बदनाम होतो.

उगवणीनंतर पंधराएक दिवसांनी सुतळी घेऊन शेतात जा. ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर २ मीटर २२ सेंटिमीटर लांब सुतळी म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. प्रत्येक प्लॉटमध्ये चार जागी ती ओळीला लावा आणि रोपं मोजा. जागा आधी पावलांनी ठरवा, चांगली ओळ बघून सुतळी टाकू नका. हा मोह मला अजूनही होतो. सोयाबीन फांद्या फोडून बरीच विरळ जागा भरून काढतं, त्यामुळे ४० आणि ४५ रोपांच्या फरकाला घाबरायचं कारण नाही. पण एका प्लॉटमध्ये ४० आणि शेजारी २२ असतील तर तो प्लॉट तुलनेतून काढून टाका, आणि का काढला ते त्याच दिवशी वहीत लिहा. मळणीनंतर काढला तर ती लबाडी.

तारीख: हे पीक दिवस मोजत नाही, रात्र मोजतं

अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी बिलॉक्सी नावाचा सोयाबीनचा वाण मे ते जुलै असा टप्प्याटप्प्याने पेरला. अंदाज असा की जो आधी पेरला तो आधी फुलेल. झालं उलटंच. आधी पेरलेलं, नंतर पेरलेलं, सगळं जवळजवळ एकाच सुमारास, सप्टेंबरात फुललं. दिवसाची लांबी फुलोऱ्याची वेळ ठरवते हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली मांडला. त्यामागच्या कारणांत सोयाबीनची ही पेरणीची तारीखच होती.

तुमच्या वहीतला गोंधळ इथेच सुटतो. रात्री एका मर्यादेपेक्षा लांबल्या की पीक फुलोऱ्याकडे वळतं, आणि ही मर्यादा प्रत्येक वाणाची वेगळी. म्हणूनच जगभर सोयाबीनचे वाण पक्वतेच्या गटांत वाटलेले असतात. पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली म्हणून काढणी पंधरा दिवस उशिरा होत नाही, वाढीचे दिवस कापले जातात. झाड बुटकं राहतं, पेरं कमी, पेऱ्यावरच्या शेंगा कमी. ही कपात उशिरा पिकणाऱ्या वाणाला आणि लवकर पिकणाऱ्या वाणाला सारखी बसत नाही. लवकर पेरणीच्या वर्षी एक वाण जिंकला, उशिराच्या वर्षी दुसरा, तर दोन्ही निकाल खरे असू शकतात. "कोणता वाण चांगला" हा प्रश्नच अर्धवट आहे. वाण आणि तारीख एकत्र तपासा म्हणालो ते याचसाठी.

तारखेच्या चाचणीत आणखी तीन खोड्या सापडतात.

तिसऱ्या तारखेच्या पट्ट्यात पेरणीआधी कुळवाची एक पाळी जास्त झालेली असते. उगवलेलं तण त्यात मरतं, आणि उशिराचं पीक स्वच्छ दिसतं. म्हणजे जिंकली ती पाळी, तारीख नव्हे. सगळ्या पट्ट्यांत तण सारखंच काबूत ठेवा.

बियाणं तेच, पण महिनाभर दमट जागी पडून त्याची उगवण घटलेली असते. प्रत्येक तारखेआधी उगवण पुन्हा तपासा.

आणि शेवटी हिरवा राहिलेला पट्टा आजूबाजूच्या सगळ्या किडींचा मुक्काम होतो. ते नुकसान तारखेचं म्हणायचं की चाचणीच्या मांडणीचं? माझ्या मते मांडणीचं, कारण सगळं शेत एकाच तारखेला पेरलं असतं तर कीड तशी गोळा झाली नसती. नोंद मात्र करा.

तारखांबरोबर पिकाच्या अवस्था लिहा: झाडावर पहिलं फूल कधी, वरच्या पेऱ्यांत शेंग कधी, दाणा भरायला कधी लागला, ९५ टक्के शेंगांना पक्व रंग कधी आला. शेंगा धरणं आणि दाणा भरणं या काळात पाण्याचा ताण पडला तर सोयाबीन सावरत नाही. फुलोऱ्यात पडलेली फुलं ते भरून काढू शकतं, भरतानाचा दाणा नाही. पावसाची तारीखवार नोंद शेजारी ठेवली की कोणता वाण कोणत्या कोरड्या आठवड्यात सापडला ते लगेच दिसतं.

माती उपचाराचा "काहीच फरक नाही"

सगळ्यांत जास्त तक्रार जिवाणू संवर्धकाची. त्याचा फरक न दिसण्याची चार कारणं मला वारंवार भेटतात.

पहिलं, शेतात गेली काही वर्षं सोयाबीन होतं. ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम हा जिवाणू एकदा शेतात रुजला की वर्षानुवर्षं टिकतो. तिथे नव्या संवर्धकाला दाखवायला काम उरत नाही. दुसरं, बुरशीनाशक आणि संवर्धक एकत्र कालवलं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, दाणा सुकला की शेवटी जिवाणू, आणि लगेच सावलीतून थेट पेरणी. तिसरं, पेरताना भरपूर युरिया दिला. जमिनीत तयार नत्र मिळालं की झाड मुळांवर गाठी धरायचे कष्ट घेत नाही. चौथं कारण जरा हसवणारं आहे: कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठी संवर्धकाविना ठेवलेल्या पट्ट्यातही, जिवाणू पोचलेला असतो. त्याच यंत्रातून, त्याच हातांनी, त्याच वाहत्या पाण्याने. म्हणून संवर्धक न लावलेले पट्टे नेहमी आधी पेरा.

तोलण्याआधी गाठी बघा. फुलोऱ्याच्या सुमाराला प्रत्येक प्लॉटमधली पाच-सहा झाडं कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. बादलीत बुडवून माती सोडवा. मग गाठ नखाने चिरा. आत मांसासारखा गुलाबी-लाल रंग असेल तर ती काम करतेय. पांढरी असेल तर अजून कच्ची किंवा निकामी, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली. शंभर पांढऱ्या गाठींपेक्षा मुख्य मुळावरच्या पंधरा लाल गाठी भल्या. सोयाबीनच्या एक टन दाण्यात साधारण ६० किलो नत्र असतं, आणि त्यातला मोठा वाटा या लाल गाठींनी हवेतून आणलेला असतो.

चुना आणि जिप्सम यांत गफलत फार होते. चुना आम्ल जमिनीचा सामू (पीएच) वर नेतो. जिप्सम सामू वर नेत नाही. ते कॅल्शियम आणि गंधक देतं, आणि चोपण जमिनीतला सोडियम हटवायला मदत करतं. मग सामू ८ च्या वर असलेल्या चुनखडीच्या जमिनीत कुणी चुना टाकून फरक शोधत असेल तर उलट नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतील, कारण तिथे लोह आधीच अडकलेलं असतं. आम्ल जमिनीतही चुना पेरणीच्या आठवड्यात टाकून त्याच हंगामात निकाल मागू नका. तो मातीत मिसळून काम करायला महिने घेतो. माती परीक्षणाशिवाय माती उपचाराची चाचणी लावणं म्हणजे ताप न बघता औषध देणं. ज्या अन्नद्रव्याची कमतरताच नाही ते टाकल्यावर फरक आला नाही, तर उपचार वाईट ठरत नाही.

तराजूपाशी होणारी चूक

कडेच्या ओळींना ऊन आणि जागा जास्त मिळते, त्या तोलात धरू नका. आतल्या ओळीच कापा. प्रत्येक प्लॉट त्याच्या त्याच्या पक्वतेला कापा. सगळ्यांत उशिराच्या वाणासाठी थांबलात तर लवकरचा वाण शेंगा तडकून अर्धा जमिनीवर सांडतो.

आणि ओलावा. समजा आतल्या ६ ओळी, ४५ सेंटिमीटर अंतर, ३० मीटर लांबी, म्हणजे ८१ चौरस मीटर. "अ" वाण १८.४ किलो भरला, "ब" वाण १७.६. "अ" जिंकला? "अ"चा ओलावा १७ टक्के, "ब"चा १२. दोन्ही १३ टक्क्यांवर आणायचे: वजन गुणिले (१०० वजा ओलावा), भागिले ८७. "अ" होतो १७.५५, "ब" १७.८०. हेक्टरी २१.६७ आणि २१.९८ क्विंटल. जिंकलेला हरला. आणि पहिला मुद्दा विसरला नसाल तर, एवढ्या फरकात जिंकणं-हरणं म्हणायचंच नाही.

एवढं करूनही क्रम बदलतोय?

चार रेप्लिकेशन, चिठ्ठ्या, सारखी रोपं, सारखी तारीख, ओलाव्याची दुरुस्ती, आणि तरी तीन हंगामांत तीन विजेते. मग ते वाण उत्पादनात तुमच्या जमिनीवर सारखेच आहेत, आणि हेच चाचणीने सांगितलंय. शेतातली रेप्लिकेशन वाढवून हंगाम वाढत नाहीत, त्यामुळे एका वर्षाच्या दहा प्लॉटपेक्षा तीन वर्षांचे चार-चार प्लॉट मला जास्त मोलाचे. उत्पादनात बरोबरी असेल तर वहीच्या दुसऱ्या रकान्याकडे वळा: कोण लोळला, कोणाच्या शेंगा काढणी चार दिवस लांबताच तडकल्या, कोणाचं शेत पुढच्या पिकासाठी आधी मोकळं झालं, कोणाची शेंग जमिनीला टेकून यंत्रात न येता मागे राहिली.

पोत्यांवर नाव बाहेरून लिहिताना एक चिठ्ठी पोत्याच्या आतही टाका, पेन्सिलीने लिहिलेली. शाई ओलीत उतरते. दोन वर्षांपूर्वी माझी तीन पोती अशी बेनामी झाली, आणि त्या हंगामाचं पान अजून कोरं आहे.